औंढ्याचा माठ, चीनची किटली

‘शंभर वर्षं जुनी आहे, मॅडम!’ म्हणत मुंबईतल्या एका दुकानदाराने ती चिनी किटली माझ्या गळ्यात मारली. दोन लेखांचं मानधन गेलं. चिनी मातीची नव्हे हं. यीशिंग गावची, बिनचकाकीची तपकिरी माती. तिच्या बारीक छिद्रांत चहा मुरतो. म्हणून शौकीन एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात, साबण कधीच लावत नाहीत. मी? चक्क शोकेसमध्ये ठेवली.

मग हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला जाणं झालं. देवळाचा खालचा कोरीव भाग जुना, वरचं शिखर नंतरचं. आणि सांधा कुणी लपवलेला नाही. (सकाळीच जा, दुपारी फरशी पाय भाजते.) बाजारात माठ घेतला. कुंभारकाकांनी टिचकी मारून कान लावला. ‘बद्द वाजला की समजायचं, तडा हाये. पाझरंल तरच पाणी गार. अन् ताई, तेलाचा हात लावू नका, छिद्रं बुजतेत.’

घरी येऊन किटलीत पहिल्यांदा उकळतं पाणी ओतलं. वास आला, पण चहाचा नाही, बूटपॉलिशचा! नकली जुनेपणा असाही चढवतात म्हणे.

किटलीत आता पेनं आहेत. माठ ओट्यावर पाझरतोय, खाली ताटली ठेवावी लागते.