अण्णांचा आजार, अण्णांचा निर्णय

पोस्ट लांब आहे. पण घरात सत्तरीच्या पुढचे वडील, चुलते, सासरे असतील तर वेळ काढून वाचा.

आमच्या अण्णांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांपर्यंत गेलेला. वय ७४, सेलू तालुक्यात कापूस-सोयाबीनची शेती. रात्री चार-चारदा लघवीला उठणं आपल्याकडं म्हातारपणात जमा होतं आणि कंबरदुखी औताच्या खात्यावर. रक्तातला पीएसए साधारण चारच्या आत असतो, अण्णांचा तीन आकडी निघाला. मग बायोप्सी, बोन स्कॅन, आणि कमरेच्या मणक्यावर काळे डाग.

मे २०२५ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनाही हाच आजार असल्याचं जाहीर झालं. तोही हाडात पोचलेला. ज्या माणसाच्या मागंपुढं कायम डॉक्टर, त्याच्याकडंही तो इतक्या उशिरा सापडला. तेव्हा घरात "तू लक्ष दिलं नाहीस" असं एकमेकांना बोलणं आधी थांबवा. पुढं बरंच ठरवायचं असतं.

काय ठरवायचं, ते साध्या भाषेत सांगतो. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर वाढतो. हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं, त्याबद्दल १९६६ चं नोबेल त्यांना मिळालं. (परळचं टाटा हॉस्पिटलही १९४१ चंच.) आजही उपचाराचा पाया तोच आहे : हार्मोन बंद करा. त्याचे दोन रस्ते. एक, दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन, बहुतेकदा जन्मभर. दोन, एकदाच छोटं ऑपरेशन करून दोन्ही वृषण काढणं. कॅन्सर आवरण्याच्या दृष्टीनं दोन्हींचा परिणाम सारखाच. फरक इतकाच की इंजेक्शन थांबवता येतं, ऑपरेशन मागं घेता येत नाही. उलट इंजेक्शनची तारीख चुकली तर हार्मोन परत वर येऊ शकतं, ऑपरेशनला ती भीती नाही.

याच्या जोडीला अ‍ॅबिरॅटेरॉनच्या गोळ्या, किंवा तब्येत झेपत असेल तर डोसेटॅक्सेलचे केमो, तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं साधारण सहा. नुसतं हार्मोन बंद करण्यापेक्षा जोडीनं उपचार दिले तर बऱ्याच पेशंटचं आयुष्य वाढतं, हे गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलंय. गोळ्यांवर असताना बीपी आणि रक्तातलं पोटॅशियम तपासत राहावं लागतं.

आता आमच्या घरची गोष्ट. एका खासगी दवाखान्यात हे सगळं आम्हा भावंडांना बाहेर पॅसेजमध्ये सांगितलं गेलं. अण्णा आत स्टूलवर. ऑपरेशनचा विषय तर कुजबुजत. पुण्याचा भाऊ म्हणाला, "इंजेक्शनच घेऊ, पैशाचं बघू." बहीण म्हणाली, "मुंबईला टाटाला नेऊ." चुलत्यांचं म्हणणं, "या वयात त्याला असलं काही करू नका, गावात काय सांगायचं?" प्रत्येकाला अण्णांची काळजी होती. पण अण्णांना काय हवंय, हे कुणाच्याच बोलण्यात नव्हतं.

रात्री मी त्यांच्यापाशी बसलो आणि सगळं सांगितलं. आजार बरा होणारा नाही, आटोक्यात ठेवता येतो, तेही सांगितलं. ऑपरेशनचं सांगताना माझीच जीभ अडखळत होती. अण्णा म्हणाले, "म्हणजे गोऱ्हे बडवतेत तसंच की." मी मान हलवली. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्यानं कंबर थांबंल का?" म्हटलं, बऱ्याच जणांची थांबते. "मग दर तीन महिन्याला संभाजीनगरला कामून जायचं? सोयाबीन काढणीला आलं का मी दवाखान्यात बसू? करून टाका एकदाचं. अन् गावात कुणी विचारलं तर माझ्याकडं धाडा."

ऑपरेशन झालं. दोन आठवड्यांत कंबर हलकी झाली. अंगातून गरम वाफा येतात, थकवा आहे, हाडांसाठी औषध चालू आहे. गोळ्याही सुरू आहेत. केमो त्यांनी नको म्हटलं, तेही ऐकलं. दुसऱ्या कुणाच्या वडिलांनी इंजेक्शन निवडलं तर तेही बरोबरच.

पण एक गोष्ट पत्रकार म्हणून खटकते. अण्णांच्या निर्णयात निम्मा वाटा रस्त्याचा होता. परभणी जिल्ह्यातला कॅन्सरचा पेशंट पहाटेपासून एसटी नाहीतर मराठवाडा एक्स्प्रेस गाठतो आणि संभाजीनगर, नांदेड, लातूर, बार्शी, मुंबई करतो. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच. परभणीत २०२३ ला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटमध्ये तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर करण्याची घोषणा झाली, पहिल्या वर्षी २००. परभणीचा नंबर कधी, हे आपल्या आमदार-खासदारांना विचारायला हवं. इंजेक्शन, केमो आणि दुखणं कमी करणारं मॉर्फीन जिल्ह्यातच मिळालं, तर माणूस अंतर न मोजता उपचार निवडेल.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. महात्मा फुले योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झालीय, सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं वेगळं कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही. कोणता उपचार योजनेत बसतो आणि कोणता खिशातून, हे पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राला विचारा. आजार मणक्यात असेल आणि पायातली ताकद अचानक गेली, लघवी अडली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री निघा.

आणि डॉक्टर पॅसेजमध्ये बोलायला लागले तर हात जोडून म्हणा, "साहेब, आत बसून बोलू. पेशंट ते आहेत."