फरगेट नेटवर्क

शनिवार सकाळ. चहा झालाय आणि फोनवर 'नवीन अपडेट उपलब्ध' असं दोन दिवसांपासून झळकतंय. मी अजून बोट लावलेलं नाही. आयटीवाला असून अपडेटला घाबरतो म्हणून मित्र हसतात. हसू देत. त्याला एक कारण आहे, 2020 च्या सप्टेंबरमधलं.

तेव्हा नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मी ठाण्यात भाड्याच्या खोलीत, आई-बाबा आणि आजी आटगावला. एरवी कसारा लोकल पकडली की दीड तासात घरी. पण मार्चपासून लोकल सामान्य माणसाला बंद होती. त्यामुळे रोज रात्री साडेआठचा व्हिडिओ कॉल हीच आमची लोकल! आजीला ऐकू कमी येतं. तिला नुसता चेहरा दिसला तरी पुरायचं.

आणि बाबांच्या फोनवर अपडेट आलं. अँड्रॉइड 9 चं 10 झालं. दुसऱ्याच दिवशी बाबा म्हणाले, "अरे, वायफाय सारखं तुटतंय."

मी कामात होतो. म्हटलं, "सेटिंगमध्ये जा, नेटवर्क फरगेट करा, पासवर्ड टाकून परत जोडा." सपोर्टवाल्यांचं ठरलेलं औषध. बाबांनी तसं केलं, आणि आधी निदान अधूनमधून लागणारं वायफाय कायमचं बंद झालं.

पुढचे बारा दिवस मी फोनवरून काय काय सांगितलं! रिस्टार्ट करा, पासवर्ड नीट टाका, कॅपिटल बघा. घरातल्या टीव्हीवर नेट चालत होतं, म्हणजे राउटर ठीक. मग चूक कोणाची? बाबांचीच. "तुम्ही काहीतरी दाबलं असणार," असं मी एकदा चक्क ओरडून बोललो. आयुष्यभर झेडपीच्या शाळेत मुलांना शिकवलेला माणूस. नुसतं "असेल" म्हणाला. त्यानंतर त्यांनी वायफायचा विषयच काढला नाही. रोज साधा कॉल यायचा, मागे पावसाचा आवाज.

शेवटी एका शनिवारी मित्राची बाईक मागून घेतली आणि भिवंडी, पडघा, आसनगाव करत भिजत घरी पोचलो. माझा फोन दारातच वायफायला जोडला गेला. म्हटलं, बघा!

कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलो तर पत्र्याच्या आडोशाला एक प्लास्टिकची खुर्ची, शेजारी छत्री. घरात मोबाईलला रेंज नसते, गच्चीवर एखादी दांडी मिळते. बाबा रोज रात्री तिथे बसून मला फोन करत होते... आणि मी त्यांना कॅपिटल लेटर शिकवत होतो.

खाली येऊन राउटरचं पान उघडलं. चॅनेल बदलून बघावं म्हणून. आणि तिथे एक यादी दिसली. मॅक फिल्टर. 2019 मध्ये मीच लावलेला. आजूबाजूची पोरं नेट वापरतात म्हणून मोठ्या ऐटीत फक्त घरातल्या उपकरणांचे पत्ते यादीत टाकले होते. यादीत नाव नसेल तर पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाही.

बाबांचा फोन तपासला. पत्ता वेगळाच! दुसरा आकडा 2, 6, ए किंवा ई यांपैकी असेल तर तो पत्ता कारखान्यातला नसून तयार केलेला असतो. अँड्रॉइड 10 पासून फोन नव्या नेटवर्कला आपला खरा पत्ता न देता असा बनवलेला पत्ता देतो. कारण चांगलंच आहे, मॉलमध्ये किंवा स्टेशनवर कोणी तुमचा माग काढू नये. आधीपासून साठवलेल्या आमच्या वायफायला बाबांचा फोन अपडेटनंतरही जुनाच पत्ता देत होता. मी 'फरगेट' करायला लावलं आणि फोनसाठी घरचं वायफाय परकं झालं. तो नवा पत्ता घेऊन दारात उभा, आणि मी बसवलेला रखवालदार त्याला हाकलतोय.

गंमत म्हणजे या फिल्टरने खऱ्या चोराला काहीच फरक पडत नाही. मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो, कोणीही ऐकून त्याची नक्कल करू शकतो. अडवले फक्त बाबा.

सुरुवातीला वायफाय का तुटत होतं ते कधीच कळलं नाही. कदाचित राउटर एकदा बंद-चालू केला असता तर भागलं असतं. फिल्टर काढून टाकला, पासवर्ड बदलला. काम पाच मिनिटांचं.

"काय झालं होतं रे?" बाबांनी विचारलं. 'अपडेटची भानगड' म्हणून सुटणं सोपं होतं. ऑफिसमध्ये आम्ही तेच सांगतो. पण गच्चीवरची खुर्ची डोळ्यासमोर होती. म्हटलं, "बाबा, माझीच चूक. तुम्ही काही दाबलं नव्हतं."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तेच मला वाटत होतं. पण तू इंजिनिअर."

असो. आज आधी घरी फोन करतो. अपडेट काय, संध्याकाळी करू.