ओल

होळी झाली की सातपुड्यात उन्हाचं काम सुरू होतं. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. ढोलांच्या नादात रात्र जागवलेली माणसं आपापल्या पाड्यांकडे परततात, आणि पुढचे दोन-अडीच महिने अंगणात, खडकावर, जिथे सपाट जागा दिसेल तिथे काही ना काही वाळत पडतं. आधी मोहाची फुलं, मग कैरी. सोललेल्या कैरीच्या फोडी आकसत जातात, कडा वर वळतात. हा आमचूर मोलगीच्या बाजारात जातो. फोड जितकी पांढरी, तितका भाव बरा. मध्येच अवकाळीची एखादी सर आली की फोडी काळवंडतात, आणि ऊन पडायला उशीर झाला तर त्यांवर राखाडी-हिरवी लव धरते.

बुरशी बाहेरून यावी लागत नाही. तिचे बीजाणू हवेत, मातीत, कणसावर, आपल्या हातांवर असतातच. ती ओलीची वाट पाहत असते. शहरातल्या फ्रीजमध्ये चीजवर ठिपके उठतात तेही याच कारणाने. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेलं चीज आतल्या आत घामेजतं आणि त्या पाण्यावर बुरशी धरते. थंडीने ती मंदावते, मरत नाही. कडक चीजचा डागाभोवतीचा इंचभर भाग कापून उरलेलं खाता येतं. मऊ चीज टाकूनच द्यावं, त्यात तंतू खोलवर गेलेले असतात. फ्रान्समधल्या रोकफोरच्या लोकांनी तर बुरशीला आवतणच दिलं. राय नावाच्या धान्याचा पाव थंड, दमट गुहेत ठेवायचा, तो बुरशीने भरला की त्याची भुकटी मेंढीच्या दुधाच्या चीजसाठी वापरायची, अशी तिथली जुनी रीत. मोहाची फुलं ज्या यीस्टमुळे आंबतात तेही बुरशीच्याच कुळातलं. देवापुढे मोहाची धार सोडणाऱ्या सातपुड्याला हा उपकार परका नाही.

मक्यावरच्या बुरशीबद्दल मात्र इतक्या सहजपणे लिहवत नाही. १९७४ साली पावसाळा सरता सरता गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात माणसं पिवळी पडू लागली, पोटात पाणी होऊ लागलं. तीही सातपुड्यासारखीच आदिवासींची, बरीचशी भिल्लांची गावं, आणि मका हेच तिथलं रोजचं अन्न. दुष्काळाने गांजलेल्या त्या मुलखात अवेळी पाऊस कापणीच्या तोंडावर कणसांवर पडला आणि ओला मका तसाच घरात भरला गेला. त्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळट-हिरवी बुरशी वाढली. तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर घाव घालतं; भाकरी भाजल्याने ते जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये जे प्रसिद्ध केलं त्यात आकडे आहेत ३९७ आजारी, १०६ मृत्यू. त्या घरांतलं उष्टं खाणारी कुत्रीही गेली. हे आकडे वाचताना मला आधी भूक दिसते, बुरशी नंतर. घरात दुसरं काहीच नसताना हातातला दाणा कोण टाकून देणार?

सातपुड्यातल्या घरांनी या ओलीवर आपला तोडगा केव्हाच काढून ठेवला आहे. बियाण्याची निवडक कणसं चुलीच्या वर आढ्याला टांगलेली असतात. धुराने ती काळी पडतात, पण खालची ऊब त्यांना पावसाळाभर कोरडी ठेवते आणि किडाही कमी लागतो. बाकीचं धान्य शेणामातीने लिंपलेल्या बांबूच्या कणगीत, जमिनीपासून उंच. आता कणगीची जागा प्लास्टिकच्या गोण्या घेत आहेत. त्यांत कोरडा दाणा नीट राहतो, ओला कोंडला जातो. कोंडलेला दाणा आणि त्यावरची बुरशी, दोघंही श्वासातून ऊब आणि पाणी सोडतात. म्हणजे एकदा धरलेली बुरशी पुढची ओल स्वतःच तयार करते. गोणीत कोपरापर्यंत हात घालावा. आत गरम लागलं की सगळा मका त्याच दिवशी उन्हात ओतावा.

मक्यातली ओल शेकडा १३ पर्यंत उतरली की तो भरायला हरकत नसते. ती पारखायला घरात दात असतात. दाणा कट्‌कन फुटला तर भरायचा, दबला तर पुन्हा वाळत घालायचा. पण अवकाळीच्या वर्षी दातांचा अंदाज दोन-चार टक्क्यांनी चुकला तरी महागात पडतं. ओल मोजायचं साधं यंत्र प्रत्येक पाड्यावर असायला हवं, असं मला फार वाटतं. तोवर सुपातली निवड आहेच. विष सगळ्या मक्यात सारखं पसरलेलं नसतं. थोड्याच दाण्यांत ते एकवटतं, म्हणून काळा, सुरकुतलेला, फुटका दाणा वेचून काढला की त्याच्याबरोबर बरंचसं निघून जातं. वेचलेला तो ढीग कोंबड्यांपुढेही टाकू नये. १९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची बुरशी लागलेली पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हाच तर या विषाचा माग पहिल्यांदा लागला. तो ढीग घरापासून दूर नेऊन पुरून टाकावा.