म्हाताऱ्याचं तिकीट

परवा झोप लागेना म्हणून १९७२ सालचा एक अमेरिकन चित्रपट पाहिला, 'ज्युनिअर बॉनर'. दिग्दर्शक सॅम पेकिनपा म्हणजे रक्तपात आलाच, असं वाटलं होतं. पण यात कुणी कुणाला गोळी घालत नाही.

स्टीव्ह मॅक्वीन यात रोडिओचा उतरणीला लागलेला स्वार आहे. उधळलेल्या वळूच्या पाठीवर एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकायचं. मोकळा हात वळूला लागला की बाद. आठ सेकंद! तेवढ्यात आमच्या वर्गात हजेरीची चार नावंही होत नसत. दुखऱ्या बरगड्यांना पट्ट्या आवळून हा गडी ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटला, आपल्या गावी येतो. तिथला रोडिओ १८८८ पासूनचा. चित्रीकरणही १९७१ साली तिथेच झालं.

गावात वडिलांचं जुनं घर यंत्रं पाडतायत. भाऊ जमिनीचे तुकडे करून विकतोय. आईलाही त्याला आपल्या नव्या वसाहतीत हलवायचंय. आपल्याला या भावाचा राग येतो. पण मागे राहून आईवडिलांचं पाहिलं कुणी? त्यानेच ना! गावच्या घराची बोलणी आपल्याकडेही दोन वर्षं चालली आहेत, म्हणून असेल, मला हा भाऊच जास्त दिसत राहिला.

वडील तर वल्ली. या वयात ऑस्ट्रेलियात जाऊन सोनं शोधायचं म्हणतात! खिशात दमडी नाही. भाऊ पैसे देत नाही, आणि व्यवहाराने पाहिलं तर त्याचंही बरोबरच आहे.

ज्युनिअर मात्र ज्या वळूने त्याला पाडलं होतं तोच मागून घेतो, आठ सेकंद टिकतो आणि बक्षिसाच्या पैशांतून वडिलांचं ऑस्ट्रेलियाचं तिकीट काढतो. तेही पहिल्या वर्गाचं! ते पोचवायला सांगून स्वतः पुढच्या गावाला निघून जातो. "या वयात कुठे निघालात?" असं एका शब्दानेही विचारत नाही.

इथे माझे डोळे भरून आले. आमच्या वयाच्या माणसांची सोय सगळे बघतात हो. औषधं, पथ्य, खाली संडास असलेली खोली. नशीबवानच आम्ही. पण सोय आणि इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाऊ सोय बघतो, ज्युनिअर इच्छा. घराला दोघेही लागतात.

तेव्हा मंडळी, गावच्या घराचं काय ते खुशाल ठरवा. फक्त त्याआधी तिथे राहणाऱ्या वहिनींना एकदा विचारा, तुम्हाला काय हवंय?