दोनशे गोळ्या

अणुभट्टीत घालायची इंधनाची गोळी असते करंगळीच्या टोकाएवढी. अशा गोळ्या एकापुढे एक लांब नळीत भरतात. गोळी जाड झाली तर नळीत बसत नाही, बारीक झाली तर मधली फट वाढते आणि उष्णता नीट बाहेर जात नाही. म्हणून सगळं लक्ष व्यासावर.

इंग्लंडमध्ये सेलाफिल्डला ब्रिटिश न्यूक्लिअर फ्युएल्स ही सरकारी कंपनी जपानसाठी युरेनियम-प्लुटोनियमच्या मिश्रणाच्या अशा गोळ्या बनवायची. प्रत्येक गोळी आधी मशीन मोजायचं. मग प्रत्येक लॉटमधल्या २०० गोळ्या माणसाने परत मोजायच्या, प्रत्येकीचा व्यास तीन ठिकाणी, आणि आकडे कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात भरायचे. ऑगस्ट १९९९ मध्ये तिथल्याच क्वालिटीवाल्याच्या लक्षात आलं की दोन लॉटचे आकडे जरा जास्तच सारखे आहेत. जुन्या लॉटचा तक्ता उचलून नव्यात चिकटवला होता! पुढे चौकशीत निघालं की हे १९९६ पासून चालू होतं.

मंडळी, माझी उभी नोकरी मायक्रोमीटर हातात धरून गेली, त्यामुळे हे प्रकरण मला फार जवळचं वाटतं. मनाने रचलेले आकडे ओळखू येतात. खरं माप जरा इकडेतिकडे भटकतं, खोटं माप शहाण्यासारखं मधोमध बसतं. पण चिकटवलेले आकडे कधीतरी खरोखर मोजलेले असतात, म्हणून ते भटकतातही खऱ्यासारखे. तेच आकडे त्याच क्रमाने दुसरीकडे दिसले तरच चोरी पकडली जाते.

आमचा भाचा नुकताच क्वालिटीत लागलाय. परवा फोनवर म्हणाला, "मामा, मशीन सगळं मोजतंच, मग परत हाताने कशाला रे?" प्रश्न चुकीचा नाही. सेलाफिल्डच्या कामगारांनाही हेच वाटलं असणार. ब्रिटनच्या अणुसुरक्षा निरीक्षकांनी फेब्रुवारी २००० च्या अहवालात लिहिलं की काम कंटाळवाणं होतं, जागेची मांडणी वाईट होती, देखरेख ढिली होती आणि आकडे चिकटवणं सोपं होतं. आणि हेही लिहिलं की इंधन वापरायला सुरक्षितच होतं.

मग बिघडलं कुठे? अरे, गिऱ्हाईकाने नुसत्या गोळ्या विकत घेतल्या नव्हत्या, "आम्ही मोजलं" हा शब्दही घेतला होता. इंधन जहाजाने जपानच्या ताकाहामा केंद्रावर पोचलं, तेव्हा कंपनीने सांगितलं होतं की यातले आकडे खरे आहेत. डिसेंबर १९९९ मध्ये कळलं की त्यातही खोटे आहेत. गोळ्या चांगल्या होत्या, पण त्या चांगल्या आहेत हे सांगणाऱ्यावरच विश्वास उरला नाही. कान्साई इलेक्ट्रिकने इंधन वापरायला नकार दिला. कंपनीचे प्रमुख जॉन टेलर यांना जावं लागलं, ४ कोटी पौंड भरपाई द्यावी लागली आणि २००२ मध्ये तेच इंधन अर्धी पृथ्वी ओलांडून परत आणावं लागलं.

काही कामगारांची नोकरीही गेली. त्यांनी केलं ते वाईटच. पण मोजण्यापेक्षा चिकटवणं सोपं अशी व्यवस्था ज्यांनी उभी केली आणि तीन वर्षं त्या तक्त्यांवर सह्या होऊ दिल्या, त्यांच्याबद्दल मला जास्त राग येतो. तपासणी निरुपयोगी वाटत असेल तर गिऱ्हाईकाला उघड सांगून बंद करा. उपयोगी असेल तर करा, आणि करणाऱ्याला बसायला नीट खुर्ची आणि पुरेसा वेळ द्या. न करता केल्याचं लिहिणं हा तिसरा रस्ता मात्र सगळ्यात महाग पडतो.

भाच्याला एवढंच सांगेन, की कंटाळा आला तर साहेबाकडे जाऊन भांड. खुशाल भांड. पण तक्त्यात तोच आकडा लिही जो तुझ्या डोळ्यांनी पाहिलास.