क्लच दाबलेला होता

पद्मावतीच्या सिग्नलला गाडी तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच खाली करून बाबांना ऐकवलं, "आजोबा, घरी बसा ना आता." मी गाडीत नव्हतो. रात्री आईनं सांगितलं, तेही बाबा आंघोळीला गेल्यावर, हळू आवाजात.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. ३१ वर्षं. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी एक सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली. आता ते ६९ वर्षांचे आहेत आणि डावा गुडघा दुखतो. क्लचचा पाय डावाच. त्यामुळे गाडी सिग्नलला बंद पडते म्हटल्यावर घरात सगळ्यांचं निदान एका मिनिटात झालं. बाबांना आता क्लच जमत नाही. बहिणीनं फोनवरून तेच सांगितलं. मीही मान डोलावली.

बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "अरे, क्लच सोडताना नाही बंद पडत. दाबलेला असताना पडते." मी "हो हो" म्हणालो आणि दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या कपाटात ठेवली. बाबांनी ती एकदाही मागितली नाही. मला वाटलं, त्यांना पटलं.

अकराव्या दिवशी आईला डोळे तपासायला न्यायचं होतं. रिक्षा मिळेना, म्हणून मी गाडी काढली. धनकवडीतून सातारा रोडला लागेपर्यंत सगळं मस्त. पहिला सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला, क्लच दाबला, गिअर न्यूट्रलला टाकला. आरपीएमचा काटा घसरत गेला, क्षणभर थरथरला आणि शून्यावर बसला. इंजिन गप्प. एसीची हवा गरम यायला लागली. मागून हॉर्न.

माझे दोन्ही गुडघे धडधाकट आहेत. आई काहीच बोलली नाही. फक्त माझ्याकडे बघितलं.

पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच, आणि या वेळी गाडी अजून पुढे सरकत असतानाच इंजिन गेलं. स्टिअरिंग जड झालं. ब्रेकला इंजिनाची मदत मिळते, तीही इंजिनासोबत जाते. एकदोनदा दाबला की पेडल दगडासारखं होतं. पुढच्या स्कूटरच्या वीतभर मागे गाडी थांबली. बाबा हे किती दिवस सांभाळत होते?

एका मोठ्या गॅरेजमध्ये सांगितलं, फ्युएल पंप गेलाय, नाहीतर विकूनच टाका. दुसऱ्या दिवशी मी बाबांना सोबत घेऊन त्यांच्या ओळखीच्या मेस्त्रींकडे गेलो. मेस्त्रींनी मला काही विचारलंच नाही. "काका, काय होतंय?"

"थांबलं की बंद पडते. क्लच दाबलेला असताना."

"चढावर दम खाते?"

"नाही. मागच्या महिन्यात कात्रज घाट आरामात चढली."

"एसी लावल्यावर?"

"लवकर बंद पडते. थोडी रेस देऊन ठेवली तर चालू राहते."

मेस्त्री माझ्याकडे वळले. "पंप गेला असता तर घाटातच रडली असती. जास्त पेट्रोल तिथं लागतं. हिला पेट्रोल मिळतंय. थांबल्यावर हवा मिळत नाही."

मग त्यांनी एअर फिल्टरचा जाड पाइप काढून आत दाखवलं. अॅक्सिलरेटर दाबला की या गाडीत थेट पेट्रोल वाढत नाही, आधी हवेची एक गोल झडप उघडते. हवा जितकी आत येते, तितकं पेट्रोल ईसीयू सोडतो. पाय काढला की झडप जवळजवळ बंद होते. तेव्हा इंजिन जगतं ते बाजूच्या एका बारीक वाटेनं येणाऱ्या हवेवर. ती वाट कमीजास्त करायला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. एसी लागला, इंजिनावर भार आला, की तो वाट थोडी मोठी करतो. आमच्या गाडीत इंजिनातली तेलकट वाफ आणि धूळ बसून बसून झडपेच्या कडेला आणि त्या वाटेत काळा कार्बन जमला होता. व्हॉल्व्हची पिन त्यात अडकत होती.

स्प्रे, जुना टूथब्रश, फडकं. पाऊण तास. रबराच्या नळ्यांना कुठं चीर आहे का तेही बघून झालं. गाडी चालू केली, तर काटा ८५० च्या आसपास येऊन थांबला. मेस्त्रींनी एसी लावला. काटा किंचित डुचमळला आणि परत जागेवर आला. नऊशे रुपये झाले.

मी किल्ली बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा उलटीसुलटी केली. मग बसले, सीट पुढे घेतली, आरसा नीट केला.

पद्मावतीला सिग्नल लाल होता. गाडी थांबली आणि इंजिन चालूच राहिलं, इतकं हळू की बोनेटकडे कान द्यावा लागत होता. बाबा समोर बघत म्हणाले, "मलाही वाटायला लागलं होतं, पाय गेला म्हणून. रात्री पलंगावर बसून क्लच दाबल्यासारखा पाय दाबून बघायचो."

मला काय बोलावं कळेना. मेस्त्रींनी विचारलेले प्रश्न मीही विचारू शकलो असतो. त्याला गाडीची माहिती लागत नाही. ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला विचारायचं, एवढंच. क्लच सोडताना बंद पडली तर बहुतेक वेळा चूक पायाची, दाबलेला असताना पडली तर गाडीची. ३१ वर्षांच्या अनुभवानं हे उत्तर पहिल्याच दिवशी दिलं होतं. मी फक्त वय ऐकलं.

"सॉरी बाबा," मी म्हणालो.

सिग्नल हिरवा झाला होता. "बेल्ट लाव आधी," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर अडकवली.