हरळी आणि हिरवळ

गवतासारख्या क्षुद्र विषयावर लेख लिहावयास बसलेला मनुष्य वाचकांस रिकामटेकडा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या वनस्पतीस आमच्या वडिलांनीं शिवी दिल्यावांचून हात लावला नाहीं, आमच्या आजीनें नमस्कार केल्यावांचून हात लावला नाहीं, आणि जी आम्हीं स्वतः पैसे मोजून विकत आणली, ती तिघांची वनस्पति एकच होती, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे खास. शेतांत ती हरळी. आमच्या परभणीकडच्या उच्चारांत हराळी. देवघरांत ती दूर्वा. बंगल्यापुढें ती लॉन. वनस्पतिशास्त्रानें तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन असें भारदस्त नांव दिलें असून त्यांतील पहिल्या शब्दाचा अर्थ कुत्र्याचा दांत असा आहे. इंग्रज तिला बर्म्युडा गवत म्हणतो. वास्तविक त्या बेटाशीं तिचें जन्माचें नातें नाहीं. इतकीं नांवें आणि इतके मानापमान एकाच जिवाच्या वांट्यास आले, याचें कारण तिच्या अंगीं नाहीं. ती कोठें उगवते यांत आहे.

परभणी जिल्हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांत पसरलेला आहे. येथील जमीन काळी, खोल आणि मोठी मानी. पावसांत ती फुगते, उन्हाळ्यांत आकसते, आणि वैशाखांत तिला अशा भेगा पडतात कीं लहान मुलाचा हात कोपरापर्यंत आंत जावा. या फुगण्या-आकसण्यांत नाजूक मुळें तुटून जातात. हरळीस मात्र तुटणें म्हणजे वाढणेंच होय. जमिनीवरून धांवणाऱ्या तिच्या दोऱ्यांस पेरापेरावर मुळें फुटतात, आणि जमिनीखालीं पांढऱ्या, गांठाळ, सुईसारख्या टोंकाच्या कांड्या खोल उतरतात. नांगराच्या फाळानें एका कांडीचे दहा तुकडे केले तर दहा हरळ्या होतात. एका वेदमंत्रांत दूर्वेस कांडाकांडांतून वर येणारी म्हणून संबोधिलें आहे, आणि आपलाही विस्तार तसाच व्हावा असें तिच्यापाशीं मागितलें आहे. मंत्रद्रष्ट्या ऋषीचें निरीक्षण अचूक होतें. मात्र त्याला काळ्या जमिनींत कापूस पिकवावयाचा नसावा.

आमच्या वडिलांस तो पिकवावयाचा होता. दुधनेच्या कांठच्या आमच्या वावरांत नांगरट झाली कीं ढेंकळें उन्हांत तापूं द्यावयाचीं, आणि मग घरचीं सारीं माणसें कुदळी घेऊन ओळीनें बसावयाचीं. ढेंकूळ फोडावें, आंतली कांडी हलक्या हातानें ओढावी, ती तुटूं देऊं नये, आणि पाटींत टाकावी. भरलेल्या पाट्या बांधावर रित्या करून ढीग वाळवावा व पेटवून द्यावा. ओला ढीग बांधावर सोडणें म्हणजे शत्रूस पुन्हां गढींत घेणें. आमच्या बोटांचीं नखें मृगापर्यंत काळीं असत. गांवांतील प्रत्येक घराची परीक्षा वडील त्या घराच्या वावरांतील हरळीवरून करीत, आणि सोयरीक ठरवितांनाही पाहुण्याच्या ओसरीआधीं त्याचा बांध पाहून येत. हल्लीं ग्लायफोसेटसारखें तणनाशक फवारून तेंच काम दोघां माणसांकडून दोन दिवसांत होतें. त्याबरोबर बांधावरचें इतर पुष्कळ कांहीं नाहींसें होतें हें खरें. परंतु ज्यानें वैशाखाच्या उन्हांत कांड्या वेंचल्या आहेत, त्याच्यानें फवारणाऱ्यास सहसा बोल लाववत नाहीं.

असें असूनही विहिरीच्या धांवेपाशीं हातभर जागेंत जी हरळी होती, तिला वडिलांनीं कधीं कुदळ लावली नाहीं. ती आजीची. अनलासुरास गिळल्यामुळें गणपतीच्या पोटांत दाह झाला आणि अठ्ठ्याऐंशीं हजार ऋषींनीं प्रत्येकीं एकवीस दूर्वा वाहिल्यावर तो शमला, ही कथा आजी त्या जागेपाशीं बसून तीन-तीन पानांचे तुरे खुडतांना सांगत असे. एकाच घरांत एक मनुष्य हरळी जाळतो आणि दुसरें माणूस तिच्यापाशीं थंडावा मागतें, ही विसंगति आमच्या शाळकरी बुद्धीस फार खुपे. एकदां धीर करून आम्हीं वडिलांस विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “देवाचं देवाला, पिकाचं पिकाला. हातभर जागेनं वावर बुडत न्हाई.” तत्त्वज्ञानाचे पुष्कळ ग्रंथ पुढें आमच्या हातीं आले, सीमा कोठें आंखावी हें इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा ग्रंथ त्यांत विरळा.

पुढें आम्ही नोकरीनिमित्त परभणी शहरांत आलों, घर बांधलें, आणि घरापुढें पांचशें चौरस फुटांचा तुकडा मोकळा राहिला. त्या तुकड्यावर हिरवळ असावी असें आम्हांस वाटलें, आणि तसें वाटण्यांत अस्वाभाविक कांहीं नव्हतें. उघड्या काळ्या मातीचें अंगण उन्हाळ्यांत धूळ आणि पावसाळ्यांत चिखल देतें. गवत दोहोंपासून वांचवितें, आणि संध्याकाळीं त्यावर अनवाणी चालण्याचें सुख निराळेंच आहे. रोपवाटिकेच्या माळ्यानें चौरस फुटाच्या हिशेबानें गवताच्या चटया आणून अंथरल्या. त्या जातीस तो ‘सिलेक्शन नंबर एक’ म्हणत होता. आम्हीं पेरें पाहिलीं आणि ओळखलें, कीं ही निवडून, सुसंस्कृत केलेली हरळीच.

वृद्धापकाळीं वडील आमच्याकडे राहावयास आले. पहिल्याच सकाळीं ते खालीं वांकले, एक दोरी उपटून डोळ्यांपाशीं नेली, आणि विचारलें, “कितीला आणली?” आम्हीं आंकडा सांगितला. त्यांनीं ती दोरी पुन्हां मातींत खोंचली व कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवसापासून ते तेथें बसूं लागले, आणि त्यांचा हात संवयीनें चालूं लागला. लव्हाळ्याच्या गांठी, गाजरगवताचीं रोपें, घोळ, सारें ते वेंचून काढीत. जो हात जन्मभर हरळी काढीत आला होता, तो आतां हरळीवांचून दुसरें सर्व काढीत होता. आम्ही व्हरांड्यांत वृत्तपत्र घेऊन बसत असूं, आणि आमचें लक्ष वृत्तपत्रांत नसे.

आमची कन्या कॅनडांत एडमंटन येथें राहते. तिच्या घरापुढेंही हिरवळ आहे, आणि आठवड्याच्या संभाषणांत आम्हां बापलेकींचा हा एक ठरलेला विषय. तेथें वर्षांतील पांचएक महिने गवत बर्फाखालीं असतें. तें गवतही निराळें. त्यास केंटकी ब्ल्यूग्रास म्हणतात, आणि आमच्या बर्म्युडा गवताप्रमाणेंच तेंही नांवाच्या गांवचें मूळ रहिवासी नव्हे, समुद्र ओलांडून गेलेलें. पंधरा ते पंचवीस अंशांच्या हवेंत तें उत्तम वाढतें आणि तीस अंशांवर गेलें कीं थकतें. हरळी तीस अंशांवर खरी रंगांत येते आणि दहा अंशांखालीं निजते. म्हणून पौषांत, जेव्हां परभणीचें रात्रींचें तपमान पांच-सहा अंशांपर्यंत उतरतें, तेव्हां आमचें अंगण पिवळें दिसतें. शास्त्रज्ञ सांगतात कीं हा भेद पानांच्या आंतल्या पाकशाळेचा आहे: शीत प्रदेशांतील गवतें हवेंतील कर्बवायु प्रथम तीन कर्बाणूंच्या पदार्थांत बांधतात, उष्ण प्रदेशांतील चारांच्या, आणि ही दुसरी रीत कडक उन्हांत कमी पाण्यांत अधिक काम करते.

तिकडील राखणीची रीत ऐकण्यासारखी आहे. नवें बीं पेरावयाचें तें उन्हाळा सरतां-सरतां, माती अजून उबदार असून तणांचा जोर ओसरतो तेव्हां. कापणी अडीच-तीन इंचांखालीं नेऊं नये, एका वेळीं पात्याच्या एकतृतीयांशाहून अधिक कापूं नये, आणि कापलेलें गवत तेथेंच पडूं द्यावें, म्हणजे त्यांतील नत्र मातीस परत मिळतें. हिंवाळ्यापूर्वीं गळलेलीं पानें झाडून काढावीं, नाहींतर बर्फ वितळल्यावर हिरवळीवर बुरशीचीं करडीं वर्तुळें उमटतात. अमेरिका-कॅनडांतील कित्येक नगरपालिकांनीं गवत अमुक उंचीपलीकडे वाढूं दिल्यास दंड ठेविला आहे. ही वार्ता ऐकून वडील म्हणाले, “म्हंजी तिथं हराळी ऱ्हाऊ देली न्हाई तर दंड, अन् हितं ऱ्हाऊ देली तर दंड.”

एडमंटनच्या आसपासची माती आमच्यासारखीच काळी आहे. परंतु तिचा काळेपणा हजारों वर्षें कुजलेल्या गवताचा. गवतानेंच ती माती घडविली. आमची काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेल्या चिकणमातीची. तिच्यांत सेंद्रिय अंश थोडा आणि चुनखडी फार. इंग्लंडसारख्या ओल्या देशांत मातीचें आम्लत्व मारण्यासाठीं हिरवळीस चुना घालावा लागतो. परभणींत जात्याच असलेल्या चुन्यामुळें गवतास लोह मिळत नाहीं आणि तें पिवळें पडतें. तिकडचीं पुस्तकें वाचून इकडे चुना टाकणें म्हणजे जखमेवर मीठच. आमच्या जमिनीस हवें असतें शेणखत, थोडी वाळू, आणि पावसाचें पाणी वाहून जाण्यास उतार.

परंतु खरा भेद मातीचा नव्हे, आकाशाचा आहे. लंडनास वर्षांत सहाशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. परभणीस नऊशेंच्या आसपास. आंकड्यांवरून श्रीमंत आम्हीच. मात्र लंडनचा पाऊस बाराही महिन्यांत वांटून पडतो, आणि आमचा बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातो. १८३० त एडविन बडिंग नांवाच्या इंग्रज कारागिरानें, लोंकरी कापडाची लंव कातरणाऱ्या यंत्रावरून कल्पना घेऊन, गवत कापण्याचें यंत्र केलें. इंग्रजास गवत कापण्याचें यंत्र शोधावें लागलें, कारण गवत वाढविण्याचें काम त्याचें आकाश फुकट करीत होतें. ती हिरवळ साहेबाबरोबर आमच्याकडे आली; तें आकाश मात्र तो तिकडेच ठेवून आला.

याचा हिशेब आम्हीं एकदां कागदावर मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यांत हिरवळ हिरवी ठेवावयाची तर दिवसास किमान पांच मिलिमीटर पाणी हवें. आमच्या पांचशें चौरस फुटांस, म्हणजे सुमारें सेहेचाळीस चौरस मीटरांस, रोज दोनशें तीस लिटर. २०१९ त सुरू झालेल्या जलजीवन मिशननें खेड्यांतील माणसामागें दिवसास पंचावन्न लिटरांचें प्रमाण धरलें आहे. म्हणजे आमचें अंगण चार माणसांचें पाणी पिणार. माणसें मोजावयाचीं तर आमच्या घरींही त्या वेळीं चारच होतीं.

मराठवाड्यांत हा हिशेब कागदावर राहत नाहीं. १९७२ च्या मे महिन्यांत परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें, आणि त्याच वर्षीं पावसानें असा दगा दिला कीं ‘बहात्तरचा दुष्काळ’ हे शब्द अजून घरोघर कालगणनेसारखे वापरले जातात. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातुरांत पाणवठ्यांभोंवतीं जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलांत मिरजेहून रेल्वेनें पाणी न्यावें लागलें. त्याच महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें क्रिकेटच्या आयपीएल स्पर्धेचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्यास सांगितलें. वाद मैदानांच्या गवतास लागणाऱ्या पाण्याचा होता. आमच्या वसाहतींतही नळास पाणी बऱ्याच दिवसांनीं येई, आणि टँकरच्या शिटीबरोबर गल्ली कळश्यांनीं भरून जाई. आम्हीं नळी गुंडाळून माळ्यावर टाकली. मनांत एकच शंका होती: रोज त्या गवतावर येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा तो एवढा एकच विरंगुळा आपण वाळूं देत आहों. भीत भीत आम्हीं विषय काढला, “आबा, हिरवळ आतां मरेल.” आबांनीं आमच्याकडे असें पाहिलें कीं जणूं आमचें शिक्षण फुकट गेलें. म्हणाले, “हराळी? मेली तर मला सांग. साठ वर्सं वाट पाह्यली तिच्या मरणाची.”

ती मेली नाहीं. वैशाखांत अंगण चटईसारखें तपकिरी झालें, भेगा पडल्या, कुरकुर वाजूं लागलें. जून सरतां-सरतां दोन चांगल्या सरी आल्या, आणि आठवड्याच्या आंत पेरापेरांवर हिरवे कोंभ दिसूं लागले. त्यानंतर आम्हीं होळीपुढें त्या गवतास पाणी दिलेलें नाहीं. आषाढांत शेणखत पसरतों, श्रावण-भाद्रपदांत दोन इंचांवर कापतों, दसऱ्यानंतर उंच वाढूं देतों, म्हणजे मुळांवर सावली राहते. भाद्रपदांत शेजारचीं मुलें दूर्वा न्यावयास येतात, त्यांस आडकाठी नाहीं. आबा २०१९ त गेले. लव्हाळा आतां आम्ही वेंचतों. आमचा हात त्यांच्याइतका साफ नाहीं.

अलीकडे मराठवाड्यांतील गांवोगांवीं मंगल कार्यालयांच्या नांवापुढें ‘लॉन्स’ हा शब्द लावण्याची चाल पडली आहे. त्यांपैकीं कांहींचें गवत बोअरच्या पाण्यावर वैशाखांतही हिरवेंगार असतें, कांहींचें हिरव्या प्लास्टिकचें असतें, आणि लग्नाचीं छायाचित्रें दोहोंवर सारखींच येतात. सौंदर्याची आवड हा अपराध नव्हे. रखरखीत प्रदेशांतील माणसास हिरवा रंग अधिक प्रिय असावयाचाच. प्रश्न एवढाच कीं हिरवळ म्हणजे बारमहा हिरवी असलेली जमीन, ही व्याख्या कोणाच्या आकाशाखालीं लिहिली गेली. एडमंटनचा मनुष्य आपली हिरवळ पांच महिने बर्फाखालीं गेली म्हणून ओशाळत नाहीं. त्याच्या ऋतूचा तो न्याय आहे. आमची उन्हाळ्यांत चार महिने पिवळी पडली तर तो आमच्या ऋतूचा न्याय समजावा. पाण्याच्या कळशीपुढें रंगाची हौस मागें सरली तर अंगणाची शोभा उणावत नाहीं. आणि गवताची काळजी करण्याचें तर मुळींच कारण नाहीं. तें आमच्याहून अधिक दुष्काळ पाहून बसलेलें आहे.